अनात्म मानणाऱ्यांनी ‘मी’ कसा लिहायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बुद्धाने आत्मा नाकारला. पण १९५६ नंतर ज्या समाजाने महाराष्ट्रात धम्म स्वीकारला, त्याच समाजातल्या लेखकांनी ‘मी कोण, आम्ही कोण’ याचा मराठीतला सगळ्यात ठसठशीत शोध घेतला. आत्मकथनं लिहिली, अस्मितेची भाषा केली. मग धम्म एकीकडे आणि लेखन दुसरीकडे, अशी ही विसंगती नाही का? विचारणाऱ्या बाई महाविद्यालयात मराठी शिकवतात आणि याच विषयावर प्रबंध लिहायला घेतला आहे. मी दलित साहित्य आणि पाली, दोन्ही वर्गात शिकवत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. विसंगती नाही. उलट अनात्माचा विचार मराठीत खऱ्या अर्थाने कामाला लागला असेल तर तो याच पुस्तकांत. फक्त तो शोधायचा कुठे, हे नीट ठरवावं लागतं. पुस्तकात बुद्ध, पंचशील, पिंपळपान किती वेळा येतं हे मोजत बसलात तर हाती काही लागणार नाही. लेखक स्वतःच्या ‘मी’ची जुळणी कशी उकलून दाखवतो, तिथे बघा.

आधी मूळ विचार. बुद्ध ‘तू नाहीस’ असं म्हणत नाही. सारनाथला पाच भिक्खूंपुढे जे दुसरं प्रवचन झालं, ते अनत्तलक्खण सुत्त. त्यात तो रूप (देह), वेदना (सुखदुःखाची अनुभूती), सञ्ञा (ओळखणं), संखार (मनाच्या घडणी), विञ्ञाण (जाणीव) हे पाच खंध, म्हणजे माणूस ज्यांनी बनतो ते पाच समूह, एकेक करून पुढे ठेवतो आणि विचारतो: हे नित्य की अनित्य? अनित्य आणि दुःख देणारं असेल, तर त्याला ‘हे माझं, हा मी, हा माझा आत्मा’ म्हणणं बरोबर का? नाकारला आहे तो न बदलणारा, कशावरही अवलंबून नसलेला आतला गाभा. चालता-बोलता, भूक लागणारा, अपमान झाला की पेटून उठणारा माणूस त्याने नाकारलेला नाही.

संयुत्त निकाय या पाली सुत्तसंग्रहातला एक छोटा प्रसंग इथे फार मोलाचा आहे. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक विचारतो, आत्मा आहे का? बुद्ध गप्प. मग नाही का? तरीही गप्प. तो उठून गेल्यावर आनंद कारण विचारतो. बुद्धाच्या सांगण्याचा आशय असा: ‘नाही’ म्हटलं असतं, तर आधीच गोंधळलेल्या वच्छगोत्ताला वाटलं असतं, इतके दिवस मला आत्मा होता, आता तोही गेला. आंबेडकरी साहित्य शिकवताना मी हा प्रसंग नेहमी सांगतो. ज्याला पिढ्यानपिढ्या ‘तू कुणीच नाहीस’ असं बजावलं, सावलीसकट दूर ठेवलं, त्याच्यापुढे ‘आत्मा नाही’ हे वाक्य नुसतं ठेवून दिलं तर तो आणखी एकदा पुसला जातो. बुद्ध याला उच्छेदवाद (होतं ते समूळ नष्ट होतं असं मानणं) म्हणतो आणि तो त्याला शाश्वतवादाइतकाच (आत्मा कायम टिकतो या मताइतकाच) नामंजूर आहे.

आता जातीकडे येऊ, कारण महाराष्ट्रात ‘मी कोण’ हा प्रश्न जातीला वळसा घालून विचारताच येत नाही. सुत्तनिपातातलं वासेट्ठ सुत्त हा या विषयाचा पाया आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद लागतो की ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. बुद्ध उत्तर देताना गवतापासून सुरुवात करतो. गवत, झाडं, किडे, साप, मासे, पाखरं यांच्यात जातिजातींच्या खुणा अंगावर दिसतात; माणसाच्या केसांत, डोळ्यांत, ओठांत, हातापायांत तशी खूण नाही. शेती करतो तो शेतकरी, चोरी करतो तो चोर. आणि मग ती ओळ येते: ‘समञ्ञा हेसा लोकस्मिं, नामगोत्तं पकप्पितं’. नाव आणि गोत्र ही जगातली नुसती संज्ञा आहे, ठिकठिकाणी ठरवून लावलेली. हे ठरवणं इतक्या काळापासून मनात मुरलेलं असतं की न जाणणारे त्यालाच जन्मजात सत्य मानतात, असंही तिथे म्हटलं आहे. अनात्म समाजाला लावला की काय होतं, ते या एका सुत्तात दिसतं. जातीला गाभा नाही. तिला कारणं आहेत. आणि ज्याला कारणं आहेत ते थांबवता येतं.

‘अनात्मवादी माणसाने स्वतःबद्दल लिहावं का’ या शंकेचं उत्तर तर तिपिटकातच, म्हणजे बौद्धांच्या मूळ पाली ग्रंथांतच, आहे. थेरगाथेत, म्हणजे थेरांच्या (ज्येष्ठ भिक्खूंच्या) पद्यांत, सुनीत थेराची गाथा वाचा. ‘नीचे कुलम्हि जातोहं, दळिद्दो अप्पभोजनो’. मी नीच कुळात जन्मलो, दरिद्री, पोटाला पुरेसं नसलेला. काम हीन होतं, वाळलेली फुलं नि कचरा उचलण्याचं. लोक किळस करत, तुच्छ लेखत, आणि मी मन खाली घालून साऱ्यांना वाकत असे. मग मगधाच्या नगरात भिक्खुसंघासह येणारा बुद्ध दिसतो. सुनीत खांद्यावरची कावड खाली ठेवतो आणि वंदन करायला पुढे जातो. ती कावड खाली ठेवण्याची ओळ वाचताना वर्ग दर वेळी शांत होतो. हे प्रथमपुरुषी, दारिद्र्याचा आणि अपमानाचा तपशील देणारं निवेदन धम्माच्या मूळ ग्रंथांत आहे, तेही अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झालेल्या माणसाच्या तोंडचं. सुनीत ‘मी’ टाळत नाही. तो ‘असा होतो’ हे भूतकाळात सांगतो, ते कशाने घडलं आणि कशाने सुटलं ते दाखवतो. थेरीगाथेत, म्हणजे भिक्खुणींच्या पद्यांत, पुण्णिका आहे. थंडीतसुद्धा मालकिणींच्या मारापायी आणि शिव्यांपायी पाण्यात उतरणारी पाणी भरणारी दासी. तीही ‘मी’ म्हणूनच बोलते, आणि पुण्यासाठी नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला सरळ विचारते की पाण्याने पाप धुतलं जात असेल, तर बेडूक, कासवं आणि मगरी सगळ्याच स्वर्गात जातील ना?

‘आत्मकथन’ म्हणायचं की ‘स्वकथन’, हा वाद तुमच्या वाचनात आला असेल. आत्मा मानत नाही तर तो शब्द तरी कशाला, असं म्हणणारे समीक्षक आहेत. त्यांची भूमिका प्रामाणिक आहे. पण प्रबंधाचं एक प्रकरण त्यावर खर्च करू नका. खरा मजकूर पुस्तकांच्या आत आहे.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्याची बांधणी बघा. शिकलेला, नोकरी करणारा, कवी म्हणून नाव झालेला निवेदक आणि दगडू मारुती पवार, हे दोघं समोरासमोर येतात. दोघं एकच आहेत आणि नाहीतही. दगडू बोलतो, शिकलेला ऐकतो, मध्येच विचारतो. धामणगावचा महारवाडा, मुंबईतला कावाखाना, गोदीत काम करणारा बाप, राबणारी आई. हे सगळं दगडूचं. ते अंगावरून झटकून शहरात सभ्य म्हणून वावरणारा जो आहे, त्याला ते झटकता येत नाही. आणि पुन्हा दगडू होऊन राहणंही जमत नाही. समीक्षेने याला दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व म्हटलं आणि तिथेच थांबली. मला वाटतं, एक पाऊल पुढे जाता येतं.

मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खू यांच्या संवादाच्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन राजाला रथाचं उदाहरण देतो ते सर्वांना माहीत असतं: आस, चाकं, जू यांपैकी एकही रथ नाही, आणि त्यांच्यावेगळाही रथ नाही. पण बलुतंसाठी त्याच ग्रंथातला पुढचा प्रश्न जास्त उपयोगी आहे. राजा विचारतो, जो जन्माला येतो तो तोच राहतो की दुसरा होतो? नागसेन म्हणतो, ‘न च सो न च अञ्ञो’, तोच नाही आणि दुसराही नाही. पाळण्यातलं उताणं पडलेलं मूल आणि आजचा मोठा माणूस एकच म्हणता येत नाहीत. वेगळे म्हणावेत तर मग आई कोणाची, शिकला कोण, गुन्हा केला कोणी आणि शिक्षा कोणाला? रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत यांचंही तसंच. दगडू आणि दया यांचं नातं नेमकं हे आहे. ‘खरा मी कोणता’ हा प्रश्न बलुतंला विचारूच नये. तिथे लपलेला खरा मी नाही. एक प्रवाह आहे. महारकी, भूक, शाळा, शहर, कविता, आंबेडकर, लाज, अशा कारणांनी तो वळत गेला आहे. लाजसुद्धा त्या कारणांत धरा. समीक्षक ती वगळतात, आणि पवारांनी तीच सर्वांत जास्त निर्भयपणे लिहिली आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) हीच उकल दुसऱ्या टोकाने येते. आई महार, जन्मदाता लिंगायत पाटील, आणि आजीसोबत राहून नातवाला जीव लावणारा दादा मुसलमान. मग माझी जात कोणती, धर्म कोणता, गाव कोणतं? शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव काय लिहायचं? हे प्रश्न आक्रोश म्हणून वाचले जातात, आणि आक्रोश आहेच. पण तर्क म्हणूनही वाचा. वासेट्ठ सुत्त गवतापासून माणसापर्यंत येत जे सिद्ध करतं, ते इथे एका मुलाच्या देहावर सिद्ध होतं. रक्तात जात शोधायला गेलं की तीन दिशांना तीन वाटा फुटतात आणि कुठेच गाभा सापडत नाही. गाव मात्र ठाम असतं. त्याला गाभा लागत नाही, शिक्का पुरतो.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा याहून जुनी, १९६३च्या संग्रहातली. रेल्वेच्या नोकरीवर परगावी गेलेला निवेदक जात लपवून खोली घेतो, उघडकीला आल्यावर बेदम मार खातो. शेवटी तो म्हणतो, यांनी मला मारलं नाही, मनूने मारलं. एवढा मार खाल्लेला माणूस हात उगारणाऱ्याच्या पलीकडचं कारण पाहतो. पटिच्चसमुप्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून घडते हा विचार, शिकवायला मला याहून चांगलं मराठी उदाहरण सापडलेलं नाही. कथेत तो शब्द नाही, आणि तो असण्याची गरजही नाही.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’वर तुम्ही जास्त वेळ घालवावा असं मला मनापासून वाटतं. बाई फलटणच्या. पुस्तकात ‘मी’ शोधावा लागतो, ‘आम्ही’ सगळीकडे आहे. पण हा ‘आम्ही’ गौरवाचा पुतळा नाही. येसकरपाळीचं, म्हणजे महारांनी आळीपाळीने गावाची चाकरी करण्याच्या पाळीचं, वर्णन वाचा. ज्याच्या हाती येसकराची काठी, त्याला त्या काळापुरतं मोठेपण वाटतं. गावभर राबवणारी, दारोदार भाकरी मागायला लावणारी ती काठी, आणि तीच मानाची. उपादान म्हणजे काय, चिकटून राहणं म्हणजे काय, हे यापेक्षा जवळून कोण दाखवणार? माणूस सुखालाच चिकटतो असं नाही. ज्याने त्याला बांधलं त्या दोरीलाही तो ‘माझी’ म्हणतो. पुढे महारवाड्यातल्या सुनांचे हाल येतात. पळून गेलेली सून परत आणून तिच्या पायात लाकडी खोडा घालायचे. गावाने ज्यांना खोड्यात ठेवलं, त्यांनी आपल्याच घरातल्या लेकीबाळींना खोड्यात घातलं, हे बाई लपवत नाहीत. पीडित असणं हाही त्या ‘आम्ही’चा शुद्ध गाभा ठरत नाही. इतका सचोटीचा ‘आम्ही’ मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे. मग आंबेडकर येतात, आणि तोच समाज देव सोडून देऊन उभा राहतो. ‘आम्ही’ बदलतो. बदलू शकतो, हेच दाखवायचं आहे.

इथे पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र शेजारी ठेवून बघा. गोव्यातल्या सांखवाळचा, सारस्वत ब्राह्मण घरातला तरुण घर सोडतो, पुण्याला नि काशीला संस्कृत शिकतो, नेपाळपर्यंत जातो आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपात (श्रीलंकेत) पोचून पाली शिकतो, दीक्षा घेतो. थोर जीवन आहे. मी पालीकडे वळलो त्यात कोसंबींचा वाटा मोठा. पण त्यांनी जी ओळख खाली ठेवली तिला जगात मान होता. काशीच्या अन्नछत्रांत तिच्यावर जेवण मिळत होतं. दगडूला खाली ठेवायला अशी ओळख कधी मिळालीच नव्हती. त्याला आधी ‘मी माणूस आहे’ हे भरचौकात म्हणावं लागतं. म्हणून दोघांच्या अनात्माचा मार्ग एक असला तरी पहिली पायरी वेगळी आहे. आंबेडकरी लेखकांच्या ‘मी’ला अहंकार म्हणणारे हा फरक विसरतात.

बाबासाहेबांना हा प्रश्न पुरता माहीत होता. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेतच ते विचारतात की बुद्धाने आत्मा नाकारला तर कर्म आणि पुनर्जन्म कसे मानायचे. ग्रंथात ते गतजन्मीच्या कर्माने या जन्मीची जात ठरते हा आधारच काढून घेतात, आणि आत्म्याशिवायच्या पुनर्जन्माची चर्चा पृथ्वी, आप, तेज, वायू या तत्त्वांच्या अंगाने करतात. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दिलेल्या २२ प्रतिज्ञांत ‘माझा नवा जन्म होत आहे’ अशी एक प्रतिज्ञा आहे. आत्मा न मानणाऱ्या माणसाचा नवा जन्म म्हणजे काय, तर जुनी कारणं तोडून नवी कारणं लावणं, तेही याच देहात, लाखो लोकांच्या साक्षीने. माझ्या लेखी आधुनिक भारतातला अनात्माचा हा सर्वांत मोठा सामुदायिक प्रयोग आहे.

पण नव्या नावालाही जग जुनं नाव चिकटवत राहिलं. १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख लोकांनी धर्म बौद्ध सांगितला. १९५१ला हा आकडा तीन हजारांच्याही आत होता. मात्र अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीच्या सवलती बौद्धांना १९९०च्या दुरुस्तीनंतर मिळाल्या. राज्याने सवलती आधी दिल्या तरी दाखल्याची भानगड संपली नाही. ‘पूर्वाश्रमीचे महार’, ‘नवबौद्ध’, धर्माच्या रकान्यात एक, जातीच्या रकान्यात दुसरं. ज्या ओळखीतून बाहेर पडलो तिचाच पुरावा दाखवल्याशिवाय हक्क मिळत नाही. माझे विद्यार्थी हा रकाना भरताना थबकलेले मी पाहिले आहेत. ‘नामगोत्तं पकप्पितं’ हे त्यांना मला समजावून द्यावं लागत नाही. तुमच्या प्रबंधात अशा कागदांना जागा द्या. अर्ज, दाखला, शाळेचं रजिस्टर, हे या साहित्यात पुन्हा पुन्हा येतात आणि समीक्षा त्यांच्यावरून उडी मारून जाते.

‘दलित’, ‘बौद्ध’ की ‘आंबेडकरवादी’ या नावाच्या वादाबद्दल एवढंच सांगतो. दलित पँथर या संघटनेच्या १९७३च्या जाहीरनाम्याने ‘दलित’मध्ये भूमिहीन, कामगार, स्त्रिया असे सगळे धरले, पँथरचेच एक नेते राजा ढाले यांना ते मार्क्सवादाच्या वाटेने जाणं वाटलं आणि त्यांनी बुद्ध-आंबेडकरांचा आग्रह धरला. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. एक नाव जखम सांगतं, दुसरं वाट. मी स्वतः ‘बौद्ध’कडे झुकतो, पण ‘दलित’ शब्दाने एकत्र आणलेल्या लेखकांशिवाय हे साहित्य उभंच राहिलं नसतं.

राहिला अवघड भाग. नवी ओळखही गोठू शकते. या अंगाने संयुत्त निकायातलं खेमक सुत्त महत्त्वाचं आहे. आजारी खेमक भिक्खू थेरांना सांगतो, पाचही खंधांत मी कशालाच ‘हा मी’ मानत नाही, तरी ‘मी आहे’ ही जाणीव अजून गेलेली नाही. परटाने खार आणि शेण लावून मळकं कापड धुतलं, तरी धुण्याच्या त्या पदार्थांचा वास कापडात राहतो. सुगंधी पेटीत ठेवल्यावर तो जातो. लक्षात घ्या, राहिलेला वास मळाचा नाही, मळ काढणाऱ्या गोष्टीचा आहे. जात धुऊन काढायला अस्मिता लागली, विद्रोह लागला, ‘आम्ही’ लागला. त्याशिवाय मळ निघाला नसता. धुतलेल्या कापडाला त्याचा वास येतो म्हणून धुणाऱ्याला दोष देणं अन्याय्य आहे, आणि ज्यांनी कधी धुतलंच नाही त्यांनी तो दोष देणं तर फारच. पण आतून, आपल्या माणसांनी मात्र हे बोललं पाहिजे. गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ कवितांत सूर्य, निळाई, बोधिवृक्ष भरपूर आहेत आणि ‘आम्ही’ मात्र जन्मसिद्ध, एकजिनसी, प्रश्न न विचारता येणारा झाला आहे. बाईचा प्रश्न त्यात बसत नाही, पोटजातीचा बसत नाही. बौद्ध शब्दांनी भरलेल्या त्या कवितांपेक्षा बुद्धाचं नाव क्वचित घेणारी ‘बलुतं’ची पानं मला धम्माच्या जास्त जवळची वाटतात.

ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३) इथे उपयोगी पडेल. कोकणात आईने विणलेली बांबूची आयदानं विकून घर चालतं, मुलगी शिकते, मुंबईला येते, चळवळीत शिरते, आणि तिथे बाई म्हणून पुन्हा कडेला ढकलली जाते. त्या आपल्या समाजाशी नातं तोडत नाहीत आणि त्याला माफही करत नाहीत. खेमकाने सांगितलेला तो उरलेला वास ओळखणारी ही लेखिका आहे.

प्रबंधासाठी माझी सूचना अशी. अनात्माची व्याख्या देणारं पहिलं प्रकरण आणि पुढे एकेका पुस्तकाचं एकेक प्रकरण, अशी मांडणी करू नका. त्यात विचार पहिल्या प्रकरणातच अडकून बसतो. जोड्या लावा. सुनीताच्या गाथेसोबत ‘बलुतं’. पुण्णिकेसोबत ‘जिणं आमुचं’. वासेट्ठ सुत्तासोबत ‘अक्करमाशी’. खेमक सुत्तासोबत ‘आयदान’. गाथा मूळ पालीत वाचा. मराठी येणाऱ्याला थोड्या सरावाने ती पुष्कळशी उलगडते. आणि प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारा: इथे ‘मी’ कशाकशाने बनलेला दाखवला आहे, आणि त्यातलं काय बदलतं? ज्या ठिकाणी काहीच बदलत नाही असं दिसेल, ती ठिकाणंही टिपून ठेवा. ती लेखकाची चूक आहे असं समजू नका. बहुतेक वेळा तिथे गाव, कायदा किंवा घर बदललेलं नसतं.